ठ ला टी एच, की नुसता टी?

एप्रिलमधे भर दुपारी मावशीचा कराडहून फोन, मी कॉलवर होते तरी उचलला कारण ती दुपारची झोप सोडून फोन करत नाही कधी. म्हणाली, अगं प्रेसमधे उभी आहे, लेबलाचं सगळं झालं, वजन टाकलं, एफएसएसएआयच्या खाद्यपरवान्याचा १४ आकडी नंबर टाकला, आता हा पोरगा विचारतोय वेबसाईट काय टाकू, तर पटकन सांग, त्याला जेवायला जायचंय.

वेबसाईट नव्हतीच. म्हणजे दिवाळीत मी "करून देते गं" म्हटलं होतं आणि विसरले होते, आणि मावशीच्या हिशोबात ती तेव्हाच झाली होती. मी घाईत म्हटलं, ती जागा मोकळी सोडायला सांग. त्याने सोडली. ५०० लेबलं, खाली "वेबसाईट :" आणि पुढे कोरं.

मावशी कांदा लसूण मसाला करते, बेडगी आणि संकेश्वरी मिरची, डंकावर कुटलेला. इतकी वर्षं ओळखीत जायचा, आता डबे आणि लेबल आलं. ब्रँडचं खरं नाव इथे टाकायला तिने मनाई केलीये ("तू काहीबाही लिहितेस"), म्हणून आपण ठसका म्हणू. खरं नावही असंच ठ वालं आहे, त्यामुळे रडगाणं तेच.

मी दिवसभर लोकांच्या वेबसाईटच बनवते, डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, घेणं हे दहा मिनिटांचं काम असं मला वाटायचं. पण माझे बहुतेक क्लायंट इंग्लिश नाव घेऊनच येतात. मराठी शब्द रोमनमधे बसवायचा म्हणजे काय ते यावेळी कळलं. ठसका लिहून बघा. सुरुवातीला नुसता टी की टी एच, स नंतर ए घालायचा की नाही, शेवटी एक ए की दोन. दोन गुणिले दोन गुणिले दोन, झाली आठ स्पेलिंगं. आणि यातलं एकही चूक नाही, कारण मराठी शब्दाचं इंग्लिश स्पेलिंग शाळेत कुणी शिकवतच नाही, ज्याला जसं ऐकू येतं तसा तो लिहितो. सख्ख्या भावांच्या आधारवर आडनावाची दोन दोन स्पेलिंगं असतात, तर मसाल्याचं काय घेऊन बसलात.

म्हणून फॅमिली ग्रुपवर एक ऑडिओ टाकला, मी एक शब्द बोलते, तो इंग्लिशमधे टाइप करून मला पर्सनलवर पाठवा, एकमेकांना विचारू नका. अकरा जणांनी पाठवलं. पाच जणांनी टी एच ए एस के ए, चौघांनी स नंतर एक ए घालून, एकाने नुसत्या टी ने (ते वाचल्यावर हत्तीचं नाव वाटतं), आणि मामाने सरळ मराठीत ठसका लिहून खाली विचारलं, इंग्लिशमधे कशाला?

मामाचा प्रश्न बरोबर आहे. डॉट भारत २०१४ पासून आहे, अख्खा पत्ता देवनागरीत घेता येतो. मी तेही बघितलं, मोह झालाच. पण इंटरनेटच्या पोटात डोमेनच्या नावाला अजूनही रोमन अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढंच चालतं, त्यामुळे देवनागरी नावाचं मागच्या मागे एक्स एन आणि दोन रेघांनी सुरू होणारं एक अगम्य रूप होतं, आणि लिंक कॉपी पेस्ट केली की कधीकधी तेच बाहेर येतं. मसाल्याच्या गिऱ्हाईकाला व्हॉट्सॅपवर असली लिंक गेली तर तो फ्रॉड समजून डिलीटच करणार. शिवाय तसल्या नावावरचा ईमेल बऱ्याच ऑनलाइन फॉर्ममधे घेतच नाहीत. मामाला हे सांगितलं, मामा नाराज आहे.

मग मावसभाऊ मैदानात उतरला. तो म्हणाला ठसका बिसका सोड, सगळे "मावशीचा मसाला"च म्हणतात तर तेच घेऊ. घेऊ की. फक्त डोमेनमधे दोन शब्दांमधे जागा नसते, ते एकत्र लिहायचं. मी कागदावर मावशीचामसाला असं सलग लिहून त्याला मोठ्याने वाच म्हटलं. त्याने वाचलं, मावशी, चाम, साला. मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली कोण साला म्हणतंय रे. ते तिथेच मिटलं. (हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही, एक्सपर्ट्स एक्स्चेंज नावाची अमेरिकन साईट होती, ती सलग लिहिल्यावर लोक भलतंच वाचायला लागले, शेवटी त्यांनी मधे रेघ घातली.)

तर रेघ घालू, भाऊ म्हणाला. रेघेचं मला चांगलं माहितीये, एका जुन्या क्लायंटने हट्टाने घेतली होती. फोनवर पत्ता सांगताना "मधे आडवी रेघ" म्हटलं की समोरचा विचारतो, मधली की खालची? खालची डोमेनमधे चालतच नाही पण ते त्याला कुठे माहीत, तो खालची टाकतो आणि मग परत फोन करतो की तुमची साईट बंद आहे.

पुढचं त्याचं म्हणणं, नुसतं ठसका आधीच कुणीतरी घेतलंय ना, तर पुढे "द" लावू, द ठसका. मी म्हटलं फेसबुक पण सुरुवातीला द फेसबुकच होतं, २००५ ला तो "द" काढायला त्यांनी दोन लाख डॉलर मोजले. आपण तेवढ्यात अख्खं कराड मसाल्याने लाल करू.

शेवटची आयडिया मात्र डेंजर होती. एका नावाजलेल्या मसाल्याचं नाव घ्यायचं आणि एक अक्षर बदलायचं, लोक चुकून आपल्याकडे येतील. हे असलं त्याच्या आधी बऱ्याच जणांना सुचलंय. रेडिफ या वेबसाईटच्या नावातल्या ई च्या जागी ए घालून कुणीतरी रॅडिफ डॉट कॉम घेतलं होतं, १९९९ मधे मुंबई हायकोर्टाने ते वापरायला बंदी घातली. सिफी या इंटरनेट कंपनीच्या नावात जास्तीचा एफ घातलेलं प्रकरण तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २००४ मधे कोर्टाने स्पष्ट सांगितलं की डोमेन हा नुसता पत्ता नाही, ट्रेडमार्कला जे संरक्षण ते यालाही. म्हणून मी आमचंही नाव आधी ट्रेडमार्कच्या सरकारी साईटवर सर्च करून बघितलं, मसाले क्लास ३० मधे येतात. फुकट आहे, अर्धा तास जातो, आणि लेबल छापायच्या आधी करायचं असतं, हे मी कुणाला सांगतेय.

आता डॉट काय. कराडमधे कुठल्याही वेबसाईटला डॉट कॉमच म्हणतात, त्यामुळे डॉट कॉम मिळालं असतं तर प्रश्नच नव्हता. नुसत्या ठसकाचं आधीच कुणीतरी घेऊन ठेवलंय, साईट काही नाही, फक्त विकणे आहे आणि किंमत डॉलरमधे. डॉट को स्वस्तात दाखवत होते, ते मुळात कोलंबिया देशाचं, आणि माणूस सवयीने शेवटचा एम टाइप करणारच, म्हणजे आपल्या जाहिरातीवर दुसऱ्याच्या घरी गिऱ्हाईक. डॉट इन घेतलं. गिऱ्हाईक सगळं इथलंच, आणि डॉट इन २००५ पासून सगळ्यांना खुलं असल्याने लोकांच्या डोळ्याला सवय आहे.

नावापुढे मसाला जोडलं, ठसका मसाला डॉट इन. लांब झालं थोडं, पण मसाल्याचं स्पेलिंग सगळे एकच करतात, इतक्या पाकिटांवर वाचलेलं असतं, आणि काय विकतो तेही कळतं. ठसक्याचं टी एच वालं स्पेलिंग मुख्य ठेवलं आणि स नंतर ए वालं दुसरं पण विकत घेऊन पहिल्याकडे वळवलं, कारण अकरातल्या चौघांनी तेच लिहिलं होतं. बाकीची सहा सोडून दिली. आठही घ्या असं विकणारे सांगतातच, दर वर्षी आठांचं रिन्यूअल कोण भरणार, आणि पहिल्या वर्षीचा तो स्वस्त भाव दुसऱ्या वर्षी कुठे जातो ते बिल आल्यावरच कळतं.

एक गोष्ट मात्र मी भांडून केली. डोमेन मावशीच्या नावावर, तिच्या ईमेलवर, तिच्या मोबाईलवर. ती म्हणत होती तुझ्याच नावावर घे, मला काय कळतंय. पण माझ्या एका क्लायंटचं डोमेन त्याच्या आधीच्या डिझायनरच्या ईमेलवर होतं, डिझायनर गायब, रिन्यूअलचे मेल त्यालाच जायचे, एक दिवस साईट बंद. डॉट कॉम होतं, मुदत संपल्यावरही काही दिवस ते परत मिळतं पण नंतर दंडासकट, आणि तेही खात्यात शिरता आलं तर ना. शेवटी त्याने नवीन नाव घेतलं, दुकानाची पाटी बदलली, व्हिजिटिंग कार्डं फेकली. तो अजून त्या माणसाला शिव्या घालतो आणि मीही घालते. मावशीच्या फोनमधे रिन्यूअलची तारीख मी स्वतः टाकून आले, वर नाव दिलंय "मसाल्याचं भाडं", म्हणजे ती घाबरून भरेल.

राहिली ती ५०० लेबलं. मी छोटे स्टिकर छापून पाठवते म्हटलं, तर मावशी म्हणाली उगाच खर्च, मी लिहिते पेनाने, दुपारी टीव्ही बघता बघता होईल. मी फोनवर एकेक अक्षर सांगितलं, तिने वाचून पण दाखवलं. आठवड्याने डब्यांचा फोटो आला, ओळीने मांडलेले, निळ्या पेनाने सुंदर अक्षरात पत्ता लिहिलेला, आणि प्रत्येकावर स नंतर एक ए जास्तीचा.

मी काही बोलले नाही. त्यानेही उघडतं.