मामांचा डोळा नव्हे, नळी तापली होती

भुसावळला रेल्वेत ३२ वर्षं रुळांवरच काढली. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की भर दुपारी गस्त असायची. रूळ तापला की लांबतो. त्याचं काही नाही, पण लांबायला जागा मिळाली नाही की तो बाजूला फुगतो.

शिंदखेड्याच्या मामांकडे आजोबांची विंचेस्टर रायफल आहे. जॉन ब्राउनिंगनं आखलेल्या १८९४च्या मॉडेलची, ट्रिगरखालची लिव्हर ओढून काडतूस चढवायची, थर्टी-थर्टी काडतुसाची. मामा ८१ वर्षांचे. मार्चमध्ये रेंजवर ५० मीटरचं टार्गेट लावलं. ते झाडत होते, मी दुर्बिणीतून बघत होतो. पहिल्या तीन गोळ्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत. चौथी जरा वर, पाचवी आणखी वर, आठवी तर चांगली चार बोटं वर. मामांनी रायफल खाली ठेवली. "मना डोळा गया आते," एवढंच बोलले. मला फार वाईट वाटलं.

पण डोळा गेला असता तर गोळ्या चहूकडे विखुरल्या असत्या. या एका रेषेत चढत होत्या. मी नळीला हात लावला, चटका बसला.

या रायफलीची नळी बारीक. तिच्या खाली काडतुसांची दुसरी नळी, आणि दोन्ही पट्ट्यांनी एकमेकींना जखडलेल्या. पुढचं लाकूडही तिथंच आवळलेलं. वरची तापते, खालची त्या मानानं थंड राहते. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. २० इंची नळी ५० अंशांनी तापली तर जवळपास ०.३ मिलिमीटर. ती वाढ सरळ पुढे जाऊ शकत नाही, मग रुळासारखाच नळीवर ताण येतो आणि तोंड किंचित कलतं. आमची वर मारते, दुसरी एखादी खाली किंवा बाजूला मारेल. बोल्ट अ‍ॅक्शनची, म्हणजे दांडा मागेपुढे करून भरायच्या रायफलीची, नळी लाकडापासून सुटी ठेवता येते, इथं ती सोय नाही. शिवाय तापलेल्या नळीवरून हवा लहरते, साइटसमोर टार्गेट हलतं ते वेगळंच.

लिव्हर उघडी ठेवून, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे दोनदा बघून, रायफल कडुनिंबाच्या सावलीत तोंड वर करून उभी केली. उघड्या चेंबरमधून हवा वर खेळते, नळी लवकर निवते. पाणी ओतायचं नाही. अर्ध्या तासानं नववी गोळी थेट पहिल्या तिघींत जाऊन बसली.

नंतर परवानाधारक कारागिराकडून पुढचा पट्टा जरासा सैल करून घेतला. रायफल टेकवायची ती लाकडावर, नळीवर कधीच नाही. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस भरून थांबायचं नाही. बारूद गरम झाली की गोळीचा वेग बदलतो. आणि साइट जुळवायची ती थंड नळीवरच.

पुढच्या खेपेला पाच गोळ्यांना दीड तास लागला, थर्मासभर चहा संपला. पाचही एका ठिकाणी. मामांनी तो कागद घडी करून परवान्याच्या पाकिटात ठेवला.