गप्पीच्या शेपटीत घरंगळणाऱ्या पांढऱ्या पेशी

गप्पी या छोट्या माशाच्या पिल्लाच्या शेपटीतली शीर ४० एक्सवर बसली एकदाची! जुन्या बाजारातून उचललेल्या मायक्रोस्कोपचा फोकस आपोआप खाली सरकतो, पण भागतं. पिल्लाच्या कल्ल्यांवर टाकीच्याच पाण्यात भिजवलेला कापूस, शेपटीवर कव्हरस्लिप (पातळ काच), आणि दोन-तीन मिनिटांत पिल्लू परत टाकीत. नळाचं ताजं पाणी नको, क्लोरीन असतं. दिव्यावर हिरवा जिलेटिन कागद लावला की तांबड्या पेशी गडद दिसतात.

धमनीत सगळं सुसाट असतं, तिथे वेळ घालवू नका. केशवाहिन्या संपून बारीक शिरा सुरू होतात तिथे बघा. तांबड्या पेशी मधून धावतात, आणि कडेला एखादी गोल, फिकट पेशी, म्हणजे पांढरी पेशी, भिंतीला घासत घरंगळते. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये कळतं की ती सलग जात नाही. अडकते, सुटते, पुन्हा अडकते.

माणसात हे कसं घडतं ते बऱ्यापैकी उलगडलंय. इजा झाली की रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी आत भरून ठेवलेलं पी-सिलेक्टिन हे पकड घेणारं प्रथिन काही मिनिटांत पृष्ठभागावर आणतात. पांढऱ्या पेशीवरचं पीएसजीएल-१ हे प्रथिन त्याला धरतं. एक पकड सुटेपर्यंत पुढची लागलेली असते, गर्दीच्या पीएमपी बसमध्ये एक कडी सोडून दुसरी धरत दाराकडे सरकावं तशी. गंमत म्हणजे प्रवाहाने खेचल्यावर ही पकड काही मर्यादेपर्यंत जास्तच टिकते. २००३ मध्ये ते मोजून दाखवलं गेलं. मग केमोकाइन या रासायनिक संदेशाचा इशारा मिळतो, पांढऱ्या पेशीवरची इंटिग्रिन ही प्रथिनं अस्तरावरच्या आयसीएएम-१ या प्रथिनाला धरतात, पेशी थांबते, चपटी होते आणि भिंतीतून बाहेर निसटते.

जखमेवर चिकटलेल्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक कणिका) पण पी-सिलेक्टिन बाहेर काढतात, त्यामुळे पांढऱ्या पेशी त्यांच्यावरही घरंगळतात. पुढे मॅक-१ हे इंटिग्रिन पकड पक्की करतं. हे मात्र गप्पीत शोधू नका, माशांत प्लेटलेटच्या जागी केंद्रक असलेल्या थ्रोम्बोसाइट असतात.

सिलेक्टिनच्या पकडीला फ्यूकोज ही साखर लागते. १९५२ मध्ये मुंबईत भेंडे यांनी नोंदवलेल्या बॉम्बे या दुर्मीळ रक्तगटात तांबड्या पेशींवर तीच नसते. त्या लोकांच्या पांढऱ्या पेशी मात्र ठणठणीत, कारण तिथे ती साखर जोडणारं एन्झाइम वेगळं. एलएडी-२ या, पांढऱ्या पेशींना भिंत नीट धरता न येण्याच्या दुर्मीळ आजारात फ्यूकोजचा पुरवठाच तुटतो: रक्तगट बॉम्बे, रक्तात पांढऱ्या पेशींचा ढीग, आणि संसर्गाच्या जागी पू नाही.

टाकीतल्या एका पिल्लाची शेपूट मोठ्या माशांनी कुरतडलीय. आता त्या कडेजवळच्या शिरेत किती पेशी घरंगळतात ते बघणार आहे.