अक्षराखालची रेघ

गायनाच्या परीक्षेचं सत्र जवळ आलं की परभणी-लातूरकडं झेरॉक्सच्या दुकानांत गाण्याच्या स्वरलिपीच्या, म्हणजे स्वर-ताल खुणांनी लिहिलेल्या, वह्याही दिसायला लागतात. मूळ वही गुरुजींची, तिची प्रत ताईंकडं, त्या प्रतीची प्रत तिसऱ्याकडं. या प्रवासात सगळ्यात आधी जीव सोडतं ते टिंब. ही लिपी लिहायच्या दोन पद्धती, भातखंड्यांची आणि पलुसकरांची. भातखंडे पद्धतीत अक्षराखालचं टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक. ते उडालं की खालचा नि गुमान मध्य सप्तकात येऊन बसतो. काचेवरचा धुळीचा कण तर डोक्यावरचं टिंब होऊन भल्याभल्या सा ला तार, म्हणजे वरच्या, सप्तकात चढवतो.

रेघी वहीत घोळ निराळा. भातखंड्यांच्या कोमल, म्हणजे जरा उतरलेल्या, स्वराखाली आडवी रेघ असते, ती छापील ओळीत विरघळते आणि भैरव रागाचा कोमल रे शुद्ध होऊन बसतो. बंदिश कोऱ्या कागदावरच उतरवावी.

खरी फसगत मात्र दोन पद्धतींच्या सरमिसळीत. पलुसकर पद्धतीत मंद्राचं टिंब अक्षराच्या डोक्यावर, कोमलाचं अक्षर पाय मोडलेलं, आणि अक्षराखालची आडवी रेघ म्हणजे एक मात्रा, तालाचा एक ठोका! शून्य भातखंड्यांकडं तालातली खाली, म्हणजे टाळी नसलेली जागा, दाखवतं, पलुसकरांकडं अर्धी मात्रा. पलुसकरांची खाली म्हणजे अधिकचं चिन्ह. तोच अधिक लिहिताना कलला की भातखंड्यांची फुली होते, म्हणजे सम, तालाची पहिली मात्रा. मराठीला काना-मात्रेच्या चुका नव्या नाहीत, पण इथं ताल उलटा पडतो. म्हणून आधी तालखुणा बघाव्यात: सम फुलीनं असेल तर भातखंडे, 1 या आकड्यानं असेल तर पलुसकर. मग मात्रा मोजाव्यात. त्रितालाच्या विभागात 4 भरल्या नाहीत तर नक्कल चुकली, गळा नव्हे.

अलंकाराच्या खुणा शेवटी. भातखंड्यांची चंद्रकोर स्वरांखाली असेल तर ते सगळे एकाच मात्रेत, वर असेल तर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. कणस्वर बारीक अक्षरात, मुख्य स्वराच्या डाव्या खांद्यावर. मोबाईलवर टाइप करताना तो मुख्य स्वराएवढाच होतो आणि शिकणारा दोन सरळ स्वर म्हणतो. कणाला स्वतःची मात्रा नसते, नुसता स्पर्श असतो. कंसातला स्वर मला सगळ्यांत हुशार वाटतो: (प) म्हणजे एका प च्या वेळात ध प म प. पण भूप रागात म नाहीच, तिथं ध प ग प म्हणायचं. खूण तीच, अर्थ रागाला विचारून लावायचा.

दरबारी रागाच्या कोमल ग वरची नागमोडी रेघ म्हणजे आंदोलन, स्वराला झुलवणं. किती झोके, किती संथ, हे रेघ सांगत नाही. पेटीवाले ती बघून शेजारची पट्टी पटापट दाबतात, त्यानं नुसती थरथर होते. पेटीनं तिथं पट्टी सोडून गप्प बसावं, गळ्याला झुलू द्यावं.