मेलिदेचा दगडी क्रूस

स्पेनमध्ये सांतियागोच्या तीर्थाला पायी जाणाऱ्यांची जुनी वाट आहे, कामिनो. तिच्यावर फुरेलोस गावाचा चार कमानींचा जुना पूल ओलांडला की लगेच छोटं चर्च लागतं. आतल्या क्रुसावरच्या ख्रिस्ताचा उजवा हात खिळ्यातून सुटून खाली आलाय, वाटसरूला हात द्यावा तसा. तो डोळ्यांत घेऊनच मेलिदे गावचा चढ चढले. पालास दे रेई हे गाव सोडून पंधरा किलोमीटर झाले होते, टाचेला फोड आला होता. गावात ऑक्टोपस उकळण्याचा वास. मी माळकरी, सरळ पुढे गेले.

सान रोके चॅपेलजवळ तो उभा होता. क्रुसेइरो, म्हणजे वाटेवरचा दगडी क्रूस. चौदाव्या शतकातला, गालिसिया या स्पेनच्या प्रांतातला सगळ्यात जुना म्हणून हाच सांगतात. एका अंगाला क्रुसावरचा ख्रिस्त, शेजारी मरीया आणि योहान. दुसऱ्या अंगाला बसलेला ख्रिस्त, हात वर करून जखमा दाखवणारा. नाकडोळे पावसानं पुसत आणलेत, ग्रॅनाइटवर दगडफूल चढलंय. तळवे मात्र ओळखू येतात. आमच्या विठोबाचे हात कटीवर, याचे असे उघडे. मी त्या हातांकडेच बघत राहिले.

स्पेनमध्ये १९६३ सालच्या हुकुमानं शंभर वर्षांहून जुन्या अशा क्रुसांना संरक्षण दिलं. परवानगीशिवाय जागचे हलवायचे नाहीत, डागडुजीही करायची नाही. मला त्यातलं 'जागचे हलवायचे नाहीत' फार मोलाचं वाटतं. हा संग्रहालयात नेला असता तर नाक शाबूत राहिलं असतं कदाचित, पण चालून दमलेल्या माणसाला भेटला नसता.

आमच्या गावच्या वेशीवर वीरगळ होती. आळंदीला निघताना आजी तिच्यावर पाणी घाले, मग पाऊल उचले. कोण वीर, कशासाठी पडला, कुणाला ठाऊक नव्हतं. पण वाट तिथूनच सुरू व्हायची. रस्ता रुंद करताना ती उपटली. दोन पावसाळे गटाराकडेला आडवी पडून होती, नंतर दिसली नाही. आजी पुढच्या वर्षी निघताना त्या मोकळ्या जागेवरच पाणी घालून गेली.

बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं. क्रुसाच्या पायथ्याशी, दगडावर न पडेल असं, मातीत ओतलं आणि हात जोडले. मागून दोघं वाटसरू आले, म्हणाले, "ब्वेन कामिनो!" म्हणजे, वाट सुखाची होवो. माझ्या तोंडून निघालं, "माउली!" सांतियागो अजून पन्नासेक किलोमीटर होतं.