बुधवारची मंडळी

चारचौघांत बायकोविषयी बोलताना ‘आमची मंडळी’ म्हणण्याची पद्धत माझ्या पिढीपर्यंत तरी मराठी घरांतून होती. ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ असतो. चर्चची इमारत निराळी आणि तिथे उपासनेला जमणारी माणसे निराळी. त्या माणसांच्या समुदायाला आमच्या पवित्र शास्त्रापासून आमच्या जमाखर्चाच्या वहीपर्यंत सगळीकडे मंडळी असेच म्हटलेले आढळते. माझी पत्नी या दोन अर्थांवरून मला चिडवीत असे. रविवारी सकाळी मी पांघरूण ओढून पडलेला दिसलो, की पदर सावरत ती म्हणे, ‘‘मंडळी निघाली मंडळीत, तुम्ही या मागून.’’ मी बहुधा जात नसे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती गेली, आणि त्यानंतरच्या रविवारी मला उठवायला घरात कोणी उरले नाही.

आमचे घराणे चार पिढ्यांचे ख्रिस्ती आहे. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली अहमदनगरकडून कोल्हापुरात आले, त्यांनी इथे शाळा काढल्या आणि पुढे प्रेस्बिटेरियन मिशनने ते काम हाती घेतले. त्या कामातून ज्या घरांपर्यंत अक्षरे आणि शुभवर्तमान एकदमच पोहोचले, त्यांपैकी आमचे एक. न्यू शाहूपुरीतील वायल्डर मेमोरियल चर्चवरून जाताना आजोबा न चुकता टोपी काढीत, हे मी लहानपणी पाहिले आहे. पण वारशाने मिळालेल्या घराची कौले कोणी शाकारली याची चौकशी आपण सहसा करीत नाही, आणि माझ्या विश्वासाचे नेमके तसेच झाले होते. बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झाले, लग्न झाले, नाताळला करंज्या-चकल्यांची ताटे शेजारी पोहोचली, आणि एवढ्यावर माझे भागत होते. जिल्हा परिषदेतील हिशेबनिसाची नोकरी करून निवृत्त झालेला माणूस मी. देवाचे खातेही मी वर्षाला एकदा मिळवून पाहात असे.

पत्नीच्या जाण्यानंतरचे पहिले पंधरा दिवस माणसांनी भरलेले होते, आणि त्यात जातीधर्माचा काही संबंध नव्हता. आमच्या राजारामपुरीच्या गल्लीत आम्ही एकटेच ख्रिस्ती. चूल बंद आहे म्हटल्यावर समोरच्या आणि शेजारच्या दोन्ही घरांतून भाकरी-आमटीचे डबे आले. ‘‘तुमच्यात दहावं-बारावं काय असतंय?’’ असे शेजारच्या वहिनींनी संकोचून विचारले, आणि आमच्यात तसे काही नसते असे सांगताना मला प्रथमच त्याची उणीव वाटली. दुःखाला तिथीवार वाटून देणाऱ्या विधींमध्ये मोठा शहाणपणा आहे, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

याच दिवसांत काही बोलणी अशी झाली, की ती अजून सलतात. ‘‘देवाची इच्छा,’’ असे एकाने सांगितले. ‘‘प्रार्थनेत कुठे तरी कमी पडलो असू,’’ असे दुसऱ्याने, आणि तेही माझ्याच घरात बसून, सांगितले. दोघेही शास्त्र जाणणारे होते, म्हणून त्यांना ईयोबाची गोष्ट ठाऊक नसेल असे म्हणता येत नाही. सर्वस्व गमावून राखेत बसलेल्या ईयोबाकडे त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्याचे दुःख पाहून कोणी एक अक्षर बोलले नाही. मग ईयोब बोलू लागल्यावर त्यांनीही तोंड उघडले, कारणमीमांसा सुरू केली आणि केलेले सगळे घालवले. पुढची तीसपस्तीस प्रकरणे हा वाद चालतो आणि शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या सात दिवसांचा भाग तरी पाठ करावा, असे मला वाटते.

महिना उलटला आणि डबे थांबले. यात कोणाचा दोष नव्हता. ज्याला त्याला आपापला संसार असतो. खरी शांतता घरात आली ती तेव्हा. दुपारी चारच्या सुमारास, म्हणजे तिच्या चहाच्या वेळी, ती इतकी वाढे, की मी रंकाळ्यावर जाऊन उगाच दोन फेऱ्या मारून येई.

त्या काळात दार वाजत राहिले ते फक्त बुधवारी. आमच्या भागातील दहाएक ख्रिस्ती कुटुंबांची घरगुती प्रार्थनासभा दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता आळीपाळीने एकेकाच्या घरी भरते. पत्नी तिची नेमाने जाणारी, आणि पाळ्यांची वहीही तिच्याच हाती असे. ती वही न्यायला म्हणून एस.टी.तून चालक म्हणून निवृत्त झालेले एक काका आले आणि दारातूनच म्हणाले, ‘‘वही राहू दे तुमच्याकडंच. जेवलासा का?’’ मी जेवलो नव्हतो. त्यांनी मला घरी नेले, जेवू घातले आणि पुढच्या बुधवारी सायकल घेऊन पुन्हा हजर झाले. या काकांना प्रार्थना करता येत नाही. म्हणजे इतरांसारखी, शब्दांवर शब्द चढत जाणारी प्रार्थना येत नाही. त्यांची पाळी आली की ते डोळे मिटून बराच वेळ गप्प बसतात आणि मग ‘आमेन’ म्हणतात. माझ्या शेजारी बसून त्यांनी अशा कितीतरी प्रार्थना केल्या.

मला या सभेबद्दल जे सांगायचे आहे ते हेच, की ती माणसे माझ्यावर विशेष माया होती म्हणून येत नव्हती. काहींशी माझी नीट ओळखही नव्हती आणि एकाशी तर चर्चच्या रंगकामाच्या खर्चावरून जुना वाद होता. ती येत होती, कारण बुधवार होता. एकमेकांची ओझी वाहा, असे त्यांना सांगितलेले होते आणि त्यांनी त्याचा वार ठरवून टाकला होता. असे नेमाने केलेले प्रेम कोरडे असेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात, मनात उमाळा असो वा नसो, पाचव्या आणि सातव्या महिन्यातही दाराशी उभे राहते ते हेच प्रेम, असा माझा अनुभव आहे.

एका बुधवारी योहानाच्या शुभवर्तमानातील लाजराच्या मृत्यूचा भाग वाचायला निघाला. ‘येशू रडला’ हे त्यातले दोन शब्दांचे वचन शब्बाथशाळेत आम्हा सर्व मुलांचे आवडते होते, कारण पाठांतराला तेवढेच सोपे. त्या संध्याकाळी मात्र मी तिथे अडलो. लाजराला आपण कबरेतून उठवणार आहोत हे ज्याला ठाऊक आहे, तो त्याआधी रडतो कशासाठी? सभेत यावर दोनतीन मते निघाली. मला एवढेच कळले, की पुनरुत्थानावर ज्याची सर्वांहून अधिक सत्ता, त्यालाही लाजराची बहीण मरिया हिच्या रडण्यापुढे लगेच उत्तर द्यावेसे वाटले नाही. मी गेल्या कित्येक महिन्यांत प्रथमच लोकांसमोर रडलो. कोणी मला थांबवले नाही, आणि एका मावशींनी शांतपणे पेटी ओढून नारायण वामन टिळकांचे एक पद सुरू केले. ज्या चालींवर वारकऱ्यांचे अभंग म्हटले जातात त्याच वळणाच्या चालींवर आमची ही भजने असल्यामुळे, पहिल्या मजल्यावरचे घरमालकही खाली येऊन उंबऱ्याशी बसले.

ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि उपसा केंद्रे बुडाल्याने अर्धे शहर पुरात असताना पिण्याच्या पाण्यासाठी टँकरपुढे रांगा लागल्या. तालमी, तरुण मंडळे, मशिदी, मठ, सगळेच कामाला लागले होते, तेव्हा आमच्या मंडळीने फार वेगळे केले असे नाही. चर्चच्या सभागृहात पूरग्रस्त कुटुंबे उतरली आणि बुधवारच्या सभेतील आम्ही माणसे तिथे भाकरी मोजून बांधण्याच्या कामावर होतो. रात्री अकराच्या सुमारास शाहूपुरीतून आलेले एक वयस्कर गृहस्थ भिंतीला टेकून नुसते बसून होते. त्यांचे दुकान पाण्यात होते. काय बोलावे ते मला सुचेना. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि काही वेळाने विचारले, ‘‘जेवलासा का?’’

पाळ्यांची वही अजून माझ्याकडेच आहे. तिच्यात तारीख, घर, वाचनाचा भाग आणि उपस्थिती असे चार रकाने पत्नीने आखलेले आहेत. ७ ऑगस्ट २०१९ हा बुधवार होता, आणि त्या तारखेपुढे दुसऱ्या कोणी तरी घाईत लिहून ठेवले आहे : ‘पुरामुळे सभा झाली नाही.’ हिशेबनिसाच्या सवयीने मला ही नोंद मान्य नव्हती. दुसऱ्याने केलेली नोंद खोडायची नसते, म्हणून मी तिच्याखाली लाल शाईने घराच्या रकान्यात ‘सभागृह’ असे लिहिले आणि उपस्थितीच्या रकान्यात त्या रात्री बांधलेल्या भाकऱ्यांचा आकडा टाकला.