आमची वाटचाल : आधी टी-टाइम, मग तिकीट

पार्ल्यात ऑफिस थाटलं तेव्हा आम्ही साध्याच सहली करत होतो. सिंगापूर, दुबई, युरोप. गोल्फकडे वळलो ते एका जुन्या गिऱ्हाइकामुळे. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबात खेळणारे एक डॉक्टर दरवर्षी कुटुंबाची सहल आमच्याकडूनच करायचे. एकदा म्हणाले, "आम्हा मित्रमंडळींना थायलंडला खेळायला जायचंय. ज्याला विचारावं तो हॉटेल देतो, मैदानाचं काय ते कुणीच बोलत नाही. तू बघ ना जरा."

बघायला गेलो आणि कळलं, की इथे सगळा क्रमच उलटा आहे. एरवी आम्ही आधी विमानाचं तिकीट बघतो, मग हॉटेल, मग फिरणं. गोल्फमध्ये आधी टी-टाइम पक्का करायचा, म्हणजे मैदानावर खेळ सुरू करायची वेळ. ती हातात आली की मैदानाजवळचं हॉटेल, आणि तिकीट सगळ्यात शेवटी. थायलंडमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी, त्यातल्या त्यात थंड. नेमके त्याच महिन्यांत कोरियन, जपानी आणि युरोपियन खेळाडूही तिथे येतात. दिवाळीनंतर जायचंय म्हणून गणपतीत फोन केला तर सकाळच्या वेळा संपलेल्या असतात आणि उरतं ते भर दुपारचं ऊन.

दुसरी गोष्ट चारच्या हिशोबाची. मैदानावर एका वेळी चौघेच सुटतात, त्याला फोरबॉल म्हणतात. आठ-दहा मिनिटांनी पुढचे चौघे. वीस जणांचा गट म्हणजे पाच फोरबॉल. पहिले चौघे निघाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने शेवटचे निघणार, आणि अठरा होलना, म्हणजे चेंडू घालायच्या अठरा खळग्यांच्या पूर्ण फेरीला, चार-साडेचार तास जाणार. बस, जेवण, संध्याकाळचा कार्यक्रम सगळं या गणितावर बसवावं लागतं. अठरा जण झाले तर शेवटची जोडी अधांतरी राहते, मैदानवाले त्यांच्याबरोबर कुणी अनोळखी घालतात. म्हणून आम्ही गट चारच्या पटीतच बंद करतो. एकविसावा माणूस आला तर त्याला स्पष्ट सांगतो, आणखी तिघे मिळाले तरच तुमचं नाव पक्कं. धंदा जातो कधीकधी, जाऊ दे.

आणि कोण कुणाबरोबर खेळणार, हे तर सगळ्यात नाजूक काम. हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी जादा फटक्यांची सवलत; आठ हँडिकॅपवाला आणि अठ्ठावीस हँडिकॅपवाला एकत्र खेळू शकतात, तीच तर या खेळाची गंमत. स्टेबलफर्डने, म्हणजे ही सवलत धरून दर होलला गुण द्यायच्या पद्धतीने, मोजलं की दोघांनाही जिंकायची सारखी संधी. पण रोज तेच चौघे एकत्र असले की गटाचे तुकडे पडतात. माझी बायको रोज रात्री हॉटेलच्या खोलीत कागदावर दुसऱ्या दिवशीच्या जोड्या लावते. कुणाचा गुडघा दुखतोय म्हणून मैदानावर फिरायची छोटी गाडी, बग्गी हवी, कोण हळू खेळतं, आज कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं तिच्या ध्यानात असतं. शेजारी पाकिटं भरून ठेवलेली असतात, प्रत्येकात कॅडीच्या, म्हणजे खेळाडूची बॅग सांभाळणाऱ्या मदतनिसाच्या, टिपचे बाथ (थाई पैसे). थायलंडमध्ये बहुतेक मैदानांवर दर खेळाडूमागे एक कॅडी घ्यावीच लागते, आणि त्या बहुतेक बायकाच असतात. कॅडी-फी मैदानाकडे जाते, टिप मात्र थेट तिच्या हातात. उन्हात तुमच्याबरोबर चार तास राबणाऱ्या बाईला सुट्ट्या पैशांसाठी ताटकळत ठेवू नये, एवढंच आमचं म्हणणं.

बँकॉकहून रस्त्याने साधारण तीन तासांवर हुआ हिन आहे. तिथलं रॉयल हुआ हिन हे 1924 चं मैदान, थायलंडमधल्या सर्वांत जुन्या मैदानांपैकी एक, रेल्वे स्टेशनला लागूनच. पहिल्यांदा परदेशात खेळणाऱ्यांना मी तिथेच नेतो. वाहन मात्र मोठं लागतं, कारण गोल्फची एक बॅग बारा-पंधरा किलोची आणि लांबलचक. दहा सीटच्या व्हॅनमध्ये बॅगांसकट चौघेच नीट बसतात. पहाटेच्या टी-टाइमला हॉटेलचा नाश्ता उघडलेला नसतो, म्हणून तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा आमच्याबरोबर असतोच.

पुढे लोक स्कॉटलंड मागू लागले. तिथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि आपल्याकडे तेव्हा पावसाने मैदानं चिखलात. सगळ्यांना हवं असतं ते तिथल्या सेंट अँड्र्यूज गावातलं ओल्ड कोर्स हे मैदान. हे मैदान सार्वजनिक आहे, पैसे आहेत म्हणून वेळ मिळेलच असं नाही. खेळायच्या दोन दिवस आधी नावं टाकायची, सोडत निघते. हँडिकॅपचा पुरावा लागतो. मोजक्या अधिकृत कंपन्यांकडे हमखास वेळा मिळतात, पण सहलीचा खर्च चांगलाच वाढतो. आम्ही सोडतीवर जातो आणि पैसे घेण्याआधी लेखी देतो, की ओल्ड कोर्सची हमी नाही. त्याच गावातली न्यू आणि ज्युबिली ही मैदानं मात्र पक्की करून ठेवतो. न्यू नावाचंच नवं, आहे 1895 चं! रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि कुणीही त्यावर फिरू शकतं. म्हणून आमचा एक रविवार तिथेच असतो. सोडतीत नाव न आलेलेही अठराव्या होलच्या स्विल्कन पुलावर उभे राहून फोटो काढतात, न खेळणाऱ्या वहिनीसुद्धा.

मार्च 2020 मध्ये परदेशी विमानं थांबली, ती नेहमीसारखी सुरू व्हायला 27 मार्च 2022 उजाडला. एका परदेशी पुरवठादाराने आमची अनामत परत केलीच नाही. गिऱ्हाइकांचे पैसे आम्ही पदरचे दिले, घरातली एक ठेव मोडून. त्याच काळात, ऑक्टोबर 2020 पासून, परदेशी सहलींवर पाच टक्के टीसीएस, म्हणजे सहलीच्या पैशांबरोबर आधीच घेतला जाणारा कर, आला. ऑक्टोबर 2023 पासून सात लाखांवरच्या रकमेला तो वीस टक्के झाला. स्कॉटलंडला जाणाऱ्यांना ते जड गेलं. दर नंतरही बदलत राहिले. हा पैसा बुडत नाही, प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना वळता होतो, हे आम्ही प्रत्येकाला बसवून समजावतो.

सुरुवातीला वहिनी खरेदीला जायच्या आणि दादालोक खेळायला. आता खारघरच्या मैदानावर शिकलेल्या कितीतरी जणी स्वतः खेळतात आणि नवऱ्याला घरी ठेवून यायला तयार आहेत. येत्या हंगामात फक्त बायकांचा गट हुआ हिनला न्यायचा आहे. नाव देताना हँडिकॅप कार्ड असेल तर ते, प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने चालणारा पासपोर्ट आणि उपास-पथ्य काय ते कळवा. हँडिकॅप नसेल तरी चालेल, फक्त तसं सांगा, म्हणजे पहिल्या दिवशी कुणाबरोबर घालायचं ते बायको ठरवेल.