उरलेलं अर्धं पान

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं आणि सगळ्यात आधी आठवले हिंदीचे सर. त्यांचं नाव लिहायची गरज नाही. सायकलला लावलेली कापडी पिशवी म्हटलं, की आपल्याकडे कुणीही ओळखेल. मला गणित, विज्ञान शिकवणारे शिक्षकही चांगलेच होते, पण लिहायला बसलो की सरच समोर येतात. बाकीच्यांनी रागावू नये.

१९८८-८९, नववी ब. दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. दोनदा नापास होऊन माझ्याच वर्गात बसलेला. मी पहिल्या बाकावर, तो शेवटच्या. घरी 'दादा', शाळेत ओळख नाही. हे मी ठरवलेलं होतं, त्याने नाही.

एका ऑफ तासाला सर ग्रंथालयातून 'मानसरोवर' हा कथासंग्रह घेऊन आले. हिंदी लेखक प्रेमचंदांची 'बड़े भाई साहब' ही गोष्ट. मोठा भाऊ पाच वर्षांनी मोठा, सतत पुस्तकात डोकं घालून बसणारा आणि तरी नापास होणारा. धाकटा कनकव्यांत, म्हणजे पतंगांत, आणि खेळांत रमणारा आणि तरी पहिला येणारा. सरांनी धाकट्याचं निवेदन मला दिलं आणि थोरल्याची भाषणं दादाला. वर्ग फिस्सकन हसला. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

दादा अडखळत वाचू लागला. भूमितीत 'अ ब ज'ऐवजी 'अ ज ब' लिहिलं की गुण गेले, हा थोरल्याचा त्रागा आला तेव्हा त्याला स्वतःलाच हसू फुटलं. गोष्टीत 'दादा'ही आले. त्या गोष्टीतले दादा म्हणजे वडील, हे आम्हाला कुठलं माहीत! अख्खा वर्ग त्याच्याकडे बघू लागला. सरांनी शांतपणे अर्थ सांगितला आणि वाचन पुढे सुरू झालं.

तोवर मला ती थोरल्याची थट्टा वाटत होती. शेवटी थोरला कबूल करतो, की कनकवा उडवायचा मोह मलाही होतो, पण मीच वाट सोडली तर तुला सांभाळणार कसा? तिथे दादा थांबला. सरांनी शब्द पुरवला नाही. खिडकीपाशी उभे राहिले. घंटा झाली. "उरलेलं उद्या. तूच वाचायचंस."

उरलं होतं अवघं अर्धं पान. आठवड्यातून दोन दिवस नदीवर काढणारा दादा दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्याआधी हजर. उंच थोरला कटलेल्या पतंगाची दोर पकडून वसतिगृहाकडे धावत सुटतो, ते त्याने न अडखळता वाचलं. रात्री पाठ केलं असणार. कंदील उशिरापर्यंत जळत होता.

त्या वर्षी तो पास झाला. दहावीनंतर मात्र त्याने वडिलांची पिठाची गिरणी धरली. मी इंजिनिअर झालो, दोन वर्षं जर्मनीत होतो, आता हिंजवडीत तीस जणांची टीम सांभाळतो. हे लिहिताना बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? फी गिरणीतून गेली, हे मात्र माझ्या बायोडेटात कुठे नाही.

सर निवृत्त झाले त्या दिवशी मी कामाचं निमित्त सांगितलं. दादा गेला होता. सरांनी त्याला म्हणे ते जुनं पुस्तक दाखवलं.

आता नववी ब पाडून तिथे कॉम्प्युटर लॅब झाली आहे. ती खिडकी कुठे होती, हे मला नक्की सांगता येणार नाही. दादाला येईल. महोत्सवाच्या जेवणाचं पीठ त्याच्याच गिरणीतून येणार आहे, आणि दळणाचे पैसे घेणार नाही म्हणतो.